सोमवारच्या पाकिटावरचं नाव

१

रक्तपेढीतला एक फ्रीज बंद पडला आणि त्यातलं सगळं रक्त फेकून द्यावं लागलं. फ्रीज बंद पडतात, त्यात नवल नाही. पण त्यावर बसवलेल्या पेटीचं काम एकच होतं, आतली थंडी कमी झाली की भोंगा वाजवायचा. तो वाजलाच नाही. एका बाईचं ऑपरेशन आयत्या वेळी पुढे ढकलावं लागलं. पेटी बनवणाऱ्या ऑफिसात काल ती उघडून पाहिली, तर आतल्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे पेटीला लिहून दिलेल्या आज्ञांमध्ये, भोंग्याच्या ओळीत सरळ 'बंद' असं लिहिलेलं निघालं. त्याखालच्या ओळीत, पेटीत भरलेलं हे प्रोग्रामचं पाकीट कुणी बनवलं तिथे, त्याच ऑफिसात काम करणाऱ्या माझ्या वहिनीचं नाव होतं.

हे मला दादाने फोनवर सांगितलं. एरवी तो मला फोन करतो तो माझी चेष्टा करायला. आज त्याचा आवाज फुटत नव्हता.

"आज संध्याकाळी पेढीची माणसं येतायत," तो म्हणाला. "मालक त्यांना लेखी नाव देणार. मग नोकरी तर जाईलच, पण पोलीस वगैरे..."

"वहिनी काय म्हणते?"

"म्हणते, सोमवारी मी रजेवर होते, ऑफिसच्या कामाला हातही लावला नाही. मग कुठे होतीस, असं विचारलं की गप्प. मलाही सांगत नाहीये गं."

मला काळजी लागली. तशी ती मला बहुतेक वेळ असतेच. मी कुलूप लावून परत येऊन ओढून बघणारी बाई आहे. दादा म्हणतो, तुला काळजीला कारण लागत नाही, काळजीलाच तू लागतेस. पण याच स्वभावावर माझं पोट चाललं. लोकांच्या स्क्रिप्ट आणि प्रोग्राम का कोलमडतात ते शोधण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि अजूनही कुठे काही बिघडलं की मला बोलावतात.

वहिनी आमच्या घरी आली तेव्हा मी कॉलेजात होते. मी एका वर्षी नापास झाले तेव्हा घरात माझ्याशी नीट बोलणारी ती एकटी होती. मालकाला येते असं कळवून मी पर्स उचलली. कुलूप दोनदाच ओढलं.

२

ऑफिस वरच्या मजल्यावर होतं आणि शेजारी दाताचा दवाखाना. मधली भिंत इतकी पातळ की ड्रिलचा आवाज सरळ आत येत होता. दारासमोरच्या फळीवर चाचणीची पेटी होती. तिचा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे खरं तर तिने बोंब ठोकायला हवी होती. पण ती मुकी होती.

"हिचा भोंगा?" मी दारातच विचारलं.

"बंद ठेवलाय," मालक म्हणाला. तो पूर्वी माझ्या हाताखाली होता, अजून मला ताई म्हणतो. "मागे एकदा वाजला आणि पलीकडे खुर्चीतला पेशंट उडाला. तोंडात ड्रिल होतं हो! तेव्हापासून आम्ही सगळे आपापल्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, भोंगा बंद करून ठेवतो. नवीन माणूस आला की आधी तेच शिकवायचं."

मला ते बघवेना. भोंगा बनवणाऱ्यांच्या घरातच भोंगा मुका, हे काही बरं लक्षण नव्हे. पण तेव्हा मला वाटलं, ही आपली नेहमीची भीती.

मालकाने मला आतल्या खोलीत नेलं. "तुम्ही तिची नणंद आहात, मला ठाऊक आहे. तरी या म्हटलं. ती निर्दोष असेल तर तुम्ही शोधाल. दोषी असेल तरी तुम्हीच मला सांगाल."

एवढा विश्वास कुणी टाकला की मला घाम फुटतो. मी पाणी मागितलं आणि कामाची रीत समजून घेतली.

पेट्या दोन प्रकारच्या होत्या, जुन्या आणि नव्या, आणि दोघींची भाषा निराळी. स्क्रिप्टमध्ये काही जागा मोकळ्या सोडाव्या लागतात, त्यांना नुसती नावं असतात. त्यांना व्हेरिएबल म्हणायचं. 'भोंगा' ही अशीच एक जागा. तिथे काय भरायचं ते दवाखान्यातली पेटी स्वतः ठरवते, तिच्याकडे 'चालू' लिहिलेलं असतं. 'बनवणारा' ही दुसरी. जो माणूस पाकीट बनवायला बसेल त्याचं नाव तिथे त्या वेळी भरलं जातं. जुनी पेटी अशा नावाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण मागते, नवीला नावापुढे डॉलर लागतो. म्हणून इथे स्क्रिप्ट कुणी हाताने लिहीत नव्हतं. एकच मूळ टेम्प्लेट, म्हणजे साचा, होतं, आणि त्यातून दोन्ही भाषांतल्या स्क्रिप्ट छापून देणारा एक प्रोग्राम. त्याला सगळे 'छापखाना' म्हणत. छापलेल्या स्क्रिप्ट चालवल्या की पेटीत घालायचं पाकीट तयार होई.

"आता बघा," मालक म्हणाला. "त्या पेटीत डॉलर आणि भोंगा असं हवं होतं. त्याऐवजी सरळ 'बंद'. हे आपोआप येईल का? कुणीतरी हाताने लिहिलंय."

"आणि ते वहिनीनेच?"

"पाकीट सोमवारी दुपारी बनलंय, तिच्या नावाने. रजेवर होती, पण घरून लॉगिन करता येतं." तो घुटमळला. "शिवाय ती दुसरीकडे नोकरी शोधतेय असं कानावर आलंय. आमच्याच धंद्यात."

३

सोमवारी ऑफिसात मालक सोडून दोघेच होते. एक, चाचणी करणारे वयस्कर गृहस्थ, ज्यांना सगळे भोंगेकाका म्हणत. दुसरे, छापखाना लिहिणारे मास्तर. हे काही शाळेत शिकवत नव्हते, पण साधी गोष्टही फळ्यावर खडूने समजावून देण्याची त्यांना सवय होती.

काकांनी बसताक्षणीच बॉम्ब टाकला.

"सोमवारचं पाकीट मी बनवलं."

मी सरसावून बसले. "मग त्यावर वहिनीचं नाव कसं?"

"तेच तर म्हणतोय मी! माझ्या पाकिटावर माझं नाव येतं. म्हणजे दवाखान्यात गेलं ते माझं नव्हेच. मी बनवलं, ठेवलं, जेवायला गेलो. मग कुणीतरी माझं काढून स्वतःचं ठेवलं." त्यांनी चष्मा पुसला. "पोरगी चांगली आहे हो. मला डब्यातलं आणून देते. पण नाव दिसतंय ते दिसतंय, मी काय करू?"

"स्क्रिप्ट कुणी छापल्या होत्या?"

"तिनेच, तुमच्या वहिनीने. शुक्रवारी, रजेवर जायच्या आधी, स्वतःच्या मशीनवर. मी सोमवारी नुसत्या चालवल्या. एकाच फेरीत दोन्ही पाकिटं तयार होतात, जुन्या पेट्यांचं आणि नव्यांचं."

"त्या छापलेल्या स्क्रिप्ट मला दाखवा."

"वापरून झाल्या की पुसतो आम्ही. कचरा कशाला ठेवायचा?"

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

मास्तर आले ते खडू घेऊनच. माणूस हुशार होता, शर्टाला कडक इस्त्री होती, पण डोळे झोप न झाल्यासारखे लाल.

"छापखाना चुकू शकतो का?" मी विचारलं.

"प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले आणि फळ्याकडे वळले. "छापखाना आमच्या मशीनवर चालतो. आमची मशीन आणि नवी पेटी, दोघींची भाषा डॉलरची. त्यामुळे छापताना डॉलरवालं नाव दिसलं की मशीनला वाटतं, आपल्यालाच विचारतायत. ती तिथल्या तिथे स्वतःकडचं उत्तर भरून मोकळी होते. म्हणून मी त्या मजकुराला कुंपण घालतो." त्यांनी फाइल उघडून दाखवली. मजकूर जिथे सुरू होतो त्या खुणेभोवती दोन अवतरणचिन्हं होती. "हे असलं की मशीन आत डोकावत नाही. डॉलर जसाच्या तसा दवाखान्यापर्यंत जातो. बघा, आहे ना कुंपण?"

कुंपण होतं. माझ्या मनात नुकतीच उभी राहिलेली शंका त्याला थडकून खाली बसली.

"या फाइलमध्ये कधी काय बदललं, त्याची नोंद?"

"ही फाइल मी सामाईक इतिहासात, म्हणजे सगळ्यांचे बदल नोंदले जातात तिथे, ठेवत नाही. माझ्या फाइलला कुणी हात लावायचा नाही, असा माझा नियम आहे." त्यांनी खडू खाली ठेवला. "आणि जरा विचार करा. जुन्या पेट्यांना काही झालेलं नाही, फक्त नव्या मुक्या आहेत. चूक छापखान्याची असती तर दोन्ही बिघडल्या नसत्या का? हे माणसाचंच काम आहे. मला वाईट वाटतं, पण आहे."

बोलणं बिनतोड वाटलं. ते गेले आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांच्या बोलण्यात काहीतरी खटकलं होतं, पण काय ते हाताला लागेना. घड्याळाकडे बघून मी वहिनीकडे निघाले.

४

वहिनीला मीटिंगच्या खोलीत बसवलं होतं. लॅपटॉप काढून घेतलेला, समोर चहाचा कप, चहावर साय धरलेली.

"या वन्सं," ती म्हणाली. चेष्टेच्या मूडमध्ये असली की ती मला वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते. "पायधूळ झाडलीत. तपास कुठवर आला आपला?"

"वहिनी, चेष्टा पुरे. सोमवारी कुठे होतीस?"

तिचं हसू मावळलं. तिने कप फिरवला, पुन्हा फिरवला.

"मुलाखतीला," ती म्हणाली. "आमच्याच धंद्यातल्या कंपनीत. दुपारभर त्यांच्याच ऑफिसात होते. फोनसुद्धा दारात काढून घेतला होता."

"मग सांग ना मालकाला! याहून चांगला पुरावा कुठला?"

"सांगते की. तो म्हणेल, बघा, ही निघालीच होती, जाता जाता दगा देऊन गेली. आदल्या रात्री घरून काहीतरी करून ठेवलं असेल. रजेचं कारण खोटं दिलंय मी, ते आहेच."

"दादाला तरी सांगायचंस."

"तुझ्या दादाला? त्याने आनंदाच्या भरात गल्लीला सांगितलं असतं." ती जराशी हसली आणि मग माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुला वाटतं का गं, मी केलं असेल?"

"नाही," मी म्हणाले.

पण अर्धा क्षण उशिरा म्हणाले. संशय घेणं हे माझं काम आहे आणि ते मला घरच्या माणसासमोरही बंद करता येत नाही. वहिनीने ते ओळखलं. ती खिडकीकडे बघत राहिली. मला फार वाईट वाटलं.

"शुक्रवारचं सांग," मी कसंबसं म्हटलं. "छापताना काही वेगळं झालं?"

"वेगळं म्हणजे चांगलंच झालं. पेटीच्या पडद्यावर दवाखान्याचं नाव येतं ना, ते पूर्वी आम्ही पाकिटातल्या दरेक दवाखान्याच्या स्क्रिप्टमध्ये हाताने घालायचो. शुक्रवारी पहिल्यांदाच छापताना आपोआप आलं. मास्तरांनी छापखान्यात सुधारणा केली होती. किती खूश होते! पेढे वाटायचेच बाकी होते."

"तुझ्या मशीनवर भोंगा बंद असतो?"

"सगळ्यांच्याच असतो. का?"

 मघाशी जे खटकलं होतं ते आता हाताला लागलं होतं. मी उठले तेव्हा खुर्ची मागे पडली, ती उचलायचंही मला भान राहिलं नाही.

५

"काका, सोमवारी जुन्या पेट्यांचं जे पाकीट बनलं, ते आहे का?"

"सर्व्हरवर आहे की. पण ते कुणी उघडलेलंच नाही अजून. कशाला उघडायचं? जुन्या पेट्यांची तक्रारच नाही."

"कुणीच नाही उघडलं? मालकाने? मास्तरांनी?"

"नाही हो. काल सगळे त्या एका नव्या पेटीभोवती जमलेले. पेढीतून तेवढी एकच आली परत."

"मग आता उघडा."

त्यांनी उघडलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. भोंग्याची ओळ: दोन टक्क्यांच्या मध्ये नाव, जसं हवं तसं, जागा मोकळी. बनवणाऱ्याची ओळ काकांनी वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"हे तर माझं नाव आहे."

"तुम्ही बनवलंत, तुमचंच असणार. आता नव्यांचं पाकीट उघडा. वेळ बघा दोन्हींची."

वेळ एकच होती. एकाच माणसाने, एकाच फेरीत बनवलेली दोन पाकिटं. एकावर काका, दुसऱ्यावर वहिनी.

"म्हणजे माझं कुणी काढलंच नव्हतं," काका पुटपुटले. "गेलं ते माझंच गेलं."

"तुमचंच. पण नव्यांच्या स्क्रिप्टमध्ये तुमचं नाव भरायला जागाच उरली नव्हती. ती शुक्रवारीच भरून गेली होती. छापताना वहिनीच्या मशीनने डॉलर पाहिले आणि सगळी उत्तरं स्वतःच्या पदरची दिली. बनवणारा कोण? वहिनी. भोंगा? बंद. टक्केवाली भाषा तिला कळत नव्हती म्हणून ती तशीच सुटली."

"पण कुंपण आहे ना छापखान्यात? मास्तरांनी मलाही दाखवलं."

"आज आहे."

काका माझ्याकडे बघत राहिले. मी मात्र पुढच्याच विचाराने गार पडले होते. मास्तर म्हणाले होते, 'फक्त नव्या मुक्या आहेत'. एक पेटी नव्हे, पेट्या. पेढीतून एकच परत आली होती.

"काका, सोमवारचं नव्यांचं पाकीट आणखी कुठे कुठे गेलं?"

"चार दवाखान्यांत," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "अरे देवा. म्हणजे तिथेही आत्ता..."

"फोन उचला."

६

मी मीटिंगच्या खोलीचं दार उघडून वहिनीला हाक मारली. तिला पुरतं सांगावंही लागलं नाही. "चार ठिकाणी तुझ्या मशीनचा मुका भोंगा बसलाय," एवढं ऐकलं आणि ती उठली. आपण सुटलो की नाही हे तिने विचारलं नाही. काकांच्या शेजारच्या टेबलावर बसून तिने दुसरा फोन उचलला.

"भोंग्यावर विसंबू नका," ती सांगत होती. "कुणालातरी फ्रीजजवळ बसवा आणि तापमानाचा काटा बघत राहायला सांगा. हो, आत्ता. नवं पाकीट आम्ही आजच देतो."

आवाज ऐकून मालक बाहेर आला, मास्तर आले. मी मालकाला दोन्ही पाकिटं दाखवली. ओळी वाचताना त्याचे ओठ हलत होते.

"म्हणजे हाताने कुणी काहीच लिहिलं नाही?"

"नाही. वाईट मनाने कुणाला भोंगा बंद करायचा असता तर त्याने मूळ टेम्प्लेटमध्ये केला असता आणि दोन्ही पेट्या मुक्या झाल्या असत्या. एकाच भाषेतल्या बिघडल्या, म्हणजे चूक छापण्यातली. मास्तर याच्या बरोबर उलटं म्हणाले मला."

"अंदाज चुकू शकतो माणसाचा," मास्तर म्हणाले. त्यांच्या हातात खडू नव्हता, बोटं रिकामीच एकमेकांवर घासत होती. "पण कुंपण तुम्ही स्वतः पाहिलंत."

"पाहिलं. वहिनी, एक मिनिट. मला तुझ्या मशीनवर एकदा छापू दे."

मालकाने तिचा लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला आणि तिने फोन खांद्याने कानाशी धरून जागा करून दिली. मी छापखाना चालवला. नवी स्क्रिप्ट पडद्यावर आली. भोंग्याचा डॉलर शाबूत होता, बनवणाऱ्याचाही. आणि सगळ्यात वर, जिथे दवाखान्याचं नाव हवं होतं, तिथेही नुसताच डॉलर आणि 'दवाखाना'.

"शुक्रवारी इथे नाव आपोआप आलं होतं," मी म्हणाले. "पेढीच्या पेटीवर ते अजून आहे, जाऊन बघा. कुंपणाच्या आत कुठलीच जागा भरली जात नाही, ना भोंग्याची, ना दवाखान्याची. तेव्हा शुक्रवारी कुंपण नव्हतं. ते नंतर घातलंय. घाईत घातलंय, म्हणून तुमची सुधारणाही त्यात गेली."

पलीकडे ड्रिल थांबलं होतं. काका तिसऱ्या दवाखान्याशी बोलत होते.

"शिवाय मघाशी तुम्ही म्हणालात, जुन्या पेट्यांना काही झालेलं नाही. ते पाकीट कुणीच उघडलं नव्हतं, मास्तर. नुसती एक नवी पेटी उघडून ते कळत नाही. जुन्या का सुटल्या हे ज्याला आधीच उमगलं होतं, त्यालाच ते ठाऊक असणार."

मास्तर खाली बसले. मला त्यांची दयाही आली आणि रागही.

"दवाखान्याचं नाव छापताना भरायचं होतं," ते शेवटी म्हणाले. "म्हणून कुंपण काढलं. जे भरायचं नाही त्या प्रत्येक डॉलरला वेगळा अडसर घातला. शेवटच्या दोन ओळी राहिल्या. नजरेतून निसटल्या हो. काल पेटी उघडली आणि 'बंद' दिसलं, तेव्हा माझे हातपाय गळाले. कुंपण परत घातलं. मग बघतो तर खाली त्यांचं नाव. ते मी लिहिलं नव्हतं. ते आपोआपच आलं होतं."

"पण पुसलंही नाहीत," मी म्हणाले. "आणि बाकीचे चार दवाखाने?"

"आज ना उद्या नवं पाकीट जाणारच होतं. म्हटलं, दोन दिवसांत काय होतंय..."

"चौथा उचलत नाहीये," वहिनी म्हणाली.

 तिने पुन्हा फिरवला. घंटी वाजत राहिली, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती. मी टेबलाची कड धरून उभी होते. मास्तरांनी तोंड दोन्ही हातांत लपवलं होतं.

मालकाने मोबाइलवरून त्या दवाखान्याचा दुसरा नंबर शोधला. तिथे कुणीतरी उचललं. त्या माणसाला रक्ताच्या फ्रीजपर्यंत पळत जायला सांगितलं. वहिनी फोन कानाशी धरून उभी होती, डोळे मिटून.

"हो, दार उघडा. काटा कुठे आहे? नीट वाचा." ती ऐकत होती. मग तिने डोळे उघडले. "गार आहे. सगळं ठीक आहे. आता तिथून हलू नका हं, भाऊ, प्लीज."

फोन ठेवल्यावर ती रडली, अगदी मोठ्याने. काकांनी खिशातला रुमाल काढला, तो स्वतःलाच लागला.

मालक तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मी आधी तुलाच विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "पेढीच्या माणसांना आता माझंच नाव लिहून देतो. ऑफिस माझं आहे."

"सोमवारी मी मुलाखतीला गेले होते," वहिनी म्हणाली. नाक ओढत, पण सरळ त्याच्याकडे बघत. "आजारी आईचं खोटं सांगितलं होतं."

मालक क्षणभर थांबला. "लागली का?"

"कळवलं नाही अजून."

"मग तोवर पाकीट बनव," तो म्हणाला.

काका चालवतो म्हणत होते, पण तिने ऐकलं नाही. कुंपण राहू दिलं. दवाखान्याच्या नावाला तिने निराळीच खूण दिली, जी कुठल्याच मशीनच्या भाषेत नाही, आणि छापखाना फक्त तेवढीच खूण शोधून भरेल असं केलं. मास्तर मागे उभे राहून एकेक ओळ तपासत होते आणि कुणी न सांगता पुन्हा वरपासून तपासत होते. त्यांचं पुढे काय करायचं ते मालक ठरवणार होता. मग वहिनीने स्वतःच्या मशीनवरचा भोंगा चालू केला, बाकीच्यांनाही करायला लावला, आणि पाकीट बनवून आधी फळीवरच्या पेटीत घातलं.

लाल दिवा लुकलुकला आणि भोंगा वाजला. असला कर्कश आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. भिंतीपलीकडे कुणीतरी किंचाळलं, काहीतरी धातूचं खाली पडलं, आणि दाताचे डॉक्टर तरातरा आमच्या दाराशी आले.

"हे काय चाललंय?"

"आता रोज वाजणार," मालक ओरडून म्हणाला. "माफ करा!"

मी कानांवर हात ठेवून पडद्यापाशी गेले आणि दोन्ही पाकिटं उघडली. बनवणाऱ्याची ओळ जुन्यात वाचली, नव्यात वाचली. दोन्हीकडे वहिनीचंच नाव होतं. सवयीने मी पुन्हा एकदा वाचलं.

"झालं का समाधान, वन्सं?" ती मागून म्हणाली.

"मघाशी मी उशीर केला," मी म्हणाले. "तू विचारलंस तेव्हा."

भोंग्यात तिला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. तिने माझा हात घट्ट धरला आणि पेटी बंद करायला कुणालाच जाऊ दिलं नाही.